आवाजाचा पत्ता

कुकरच्या शिट्टीपासून ॲम्बियन्ट संगीत करायचे, तर आज चार पायऱ्या पुरतात. रेकॉर्ड केलेली शिट्टी आठपट ताणायची. तिचे वरचे टोकदार स्वर फिल्टरने उतरवायचे. एखाद्या कॅथीड्रलच्या घुमटातला प्रतिध्वनी, म्हणजे रिव्हर्ब, तिच्यावर चढवायचा. खाली सिंथेसायझरचा लांबलचक मऊ सूर अंथरायचा. हाती येते ते धुके. बादलीत पडणारे नळाचे पाणी, जिन्यावरची पावले, दुपारच्या भंगारवाल्याची हाक, कशावरही हेच चार संस्कार केले तरी तेच धुके हाती येते. रोजच्या आवाजांतून रचलेले म्हणून गेल्या काही वर्षांत जे संगीत येत आहे, त्यातला फार मोठा भाग या प्रकारचा आहे. सोबतच्या टिपणात कुकर असतो; कानाला तो कुठेच लागत नाही.

प्रत्यक्ष कुकरकडे कान दिला, तर केवढे साहित्य वाया गेले ते कळते. आधी झाकणाच्या कडेने वाफेची धुसफुस सुरू होते. मग शिट्टी जागच्या जागी थरथरू लागते आणि धातूचा बारीक खुळखुळाट येतो. मग एकाएकी फुत्कार सुटतो, आणि तो ओसरताना चार थेंब तापल्या झाकणावर पडून चर्र करतात. त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून ‘किती झाल्या?’ असा प्रश्न येतो आणि आतून आकडा. एका मिनिटाच्या या प्रसंगात चढ आहे, ताण आहे, सुटका आहे, दोन माणसे आहेत, आणि ओट्यामागच्या फरशांवरून परतणारा त्या खोलीचा स्वतःचा नाद आहे. रचना इथून सुरू व्हायला हवी. प्रचलित पद्धत नेमके हेच सगळे आधी पुसून टाकते.

प्रत्येक आवाजाला पत्ता असतो: तो कशातून निघाला, कुठे निघाला, कोणाच्या जवळ निघाला. ध्वनिमुद्रित आवाजांच्या संगीताला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली, आणि या सगळ्या काळातला खरा वाद या पत्त्याचे काय करायचे हाच आहे.

वादाची सुरुवात पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात झाली. फ्रेंच रेडिओवरचे अभियंते पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये तिथल्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर उतरवले आणि त्यांतून ‘एत्यूद ओ शमँ द फेर’ ही रेल्वेची रचना केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती आणखी चार रचनांसह रेडिओवरून प्रसारित झाली. टेप तेव्हा हाताशी नव्हती. तबकडीची चरी स्वतःतच बंद केली की सुई तिथल्या तिथे फिरत राहते आणि तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजतो. आज ज्याला लूप म्हणतात त्याचे मूळ या बंद चरीत आहे. दुसरा शोध याहून मोलाचा होता. घंटेचा आवाज घेताना शेफर यांनी सुरुवातीचा टोला वगळला आणि फक्त मागचा निनाद ठेवला. घंटा ओळखू येईना. तिचा आवाज फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा झाला.

आजच्या धुक्याचे सारे रसायन या एका घंटेत आहे. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या क्षणात, धातू धातूवर आपटतो त्या टोल्यात दडलेली असते. टोला कापला की घंटेची घंटा राहत नाही. आवाज ताणणे म्हणजे टोला पसरवून बोथट करणे. लांब रिव्हर्ब म्हणजे पुढच्या टोल्यावर मागच्या निनादाचे पांघरूण घालणे. फिल्टरने वरचे स्वर काढणे म्हणजे टोल्याची धार काढणे. ही तिन्ही हत्यारे पत्ता खोडण्यासाठी एकाहून एक सरस आहेत, आणि ती एकाच वेळी चालवली जातात.

शेफर यांनी या शोधातून जो सिद्धान्त काढला, त्याने पुढे मोठे नुकसान केले. आवाज कशाचा आहे हे विसरून केवळ त्याचा पोत, आकार, घनता ऐकावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९६६ च्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात या श्रवणाची सविस्तर मांडणी आहे. पडद्याआड बसून शिष्यांना शिकवणारा पायथागोरस हा त्यांचा दाखला. गुरू दिसत नसला तरी तो बोलतो आहे हे शिष्यांना पक्के ठाऊक होते, ही गोष्ट त्या दाखल्यातून निसटते. शेफर यांची रेल्वे आजही ऐकावीशी वाटते, ती त्यात रेल्वे ऐकू येते म्हणून.

शेफर यांच्या रेल्वेआधीचे दोन टप्पे इतिहासात उशिरा नोंदले गेले: बर्लिनमध्ये वाल्टर रुटमान यांनी १९३० मध्ये चित्रफितीच्या ध्वनिपट्टीवर, चित्राविना केलेले ‘वीकएंड’, आणि कैरोत हलिम एल-दाभ यांनी १९४४ मध्ये तारेच्या रेकॉर्डरवर ‘झार’ या बाधा उतरवण्याच्या विधीचे आवाज घेऊन केलेली रचना. जॉन केज यांच्या, काहीच न वाजवल्या जाणाऱ्या ४ मिनिटे ३३ सेकंदांच्या रचनेवर पुरेसे लिहून झाले आहे. येईल ते ऐका असे सांगणे वेगळे आणि आलेल्यातून निवडून रचणे वेगळे.

निवडून रचणे म्हणजे काय, ते लुक फेरारी यांच्याकडे पाहावे. फेरारी शेफर यांच्याच वर्तुळातले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते डाल्मेशियाच्या किनाऱ्याजवळच्या कोर्चुला बेटावर, वेला लुका या कोळ्यांच्या गावात राहिले होते. गाव पहाटे कसे जागे होते हे त्यांनी खिडकीतून, रोज त्याच वेळी, अनेक दिवस रेकॉर्ड केले. त्यातून ‘प्रेस्क रियाँ’ ही साधारण २१ मिनिटांची रचना १९७० मध्ये पुरी झाली. नावाचा अर्थ ‘जवळजवळ काहीच नाही’. नाव शब्दशः घेणारा फसतो. एक बोट सुरू होते, तिचे इंजिन ठकठक करत दूर जाते. गाढव ओरडते. माणसे कुणाला तरी हाका मारतात, हसतात. ऊन चढते तशी रातकिड्यांसारखी किरकिर वाढत जाते आणि शेवटी बाकी सारे तिच्याखाली बुडते. ऐकणाऱ्याला वाटते, माइक ठेवला आणि बटण दाबले. प्रत्यक्षात कित्येक सकाळी कापून, जोडून ही एक सकाळ घडली आहे, आणि सांधा कुठेही दिसत नाही.

रचनाकाराचा हात दिसू नये आणि तरी प्रत्येक सेकंदाला त्याची निवड असावी, ही या माध्यमातली सर्वांत अवघड गोष्ट. चांगल्या संपादकाने कापलेला मजकूर वाचताना कात्री जाणवत नाही, तसे हे काम आहे. फेरारी यांच्या सहकाऱ्यांना ती रचना ऐकवली गेली तेव्हा हे संगीतच नव्हे असे ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते: त्यात बोट बोटच राहिली होती, गाढव गाढवच. पन्नासहून अधिक वर्षांनी या क्षेत्रात जे काही जिवंत आहे, ते त्या न-संगीताच्या घराण्यातले आहे.

ब्रायन ईनो यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ने ॲम्बियन्ट हे नाव रूढ केले, कान दिला तर रस वाटावा, न दिला तरी बिघडू नये, ही त्यामागची अट. रोजच्या आवाजांच्या दृष्टीने त्यांचे १९८२ चे ‘ऑन लँड’ अधिक महत्त्वाचे. त्याआधी घानामध्ये असताना स्टिरिओ माइक आणि कॅसेट रेकॉर्डर घेऊन ते संध्याकाळी नुसते ऐकत बसत, आणि माइकमधून आलेला परिसर त्यांना एका सलग चित्रासारखा वाटू लागला. ‘ऑन लँड’मध्ये कावळ्यांच्या जातीचे पक्षी, बेडूक, किडे सुरांत मिसळून गेले आहेत. धुक्याचा उगम इथे आहे हे मान्य करावे लागते. पण ईनोंच्या धुक्याला गाव आहे: सफोकमधल्या त्यांच्या लहानपणच्या दलदली आणि किनारे रचनांच्या नावांतच येतात आणि सुरांतला जड, दमट अंधार त्या नावांशी इमान राखतो. अनुयायांनी गाव सोडून दिले आणि धुके तेवढे उचलले.

व्हँकुव्हरला वेगळाच संसार उभा राहिला. आर. मरे शेफर (नावाचे साम्य, विचार विरुद्ध) यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात ‘वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट’ सुरू केला. १९७३ मध्ये व्हँकुव्हर शहराच्या आवाजांच्या तबकड्या निघाल्या आणि १९७७ मध्ये त्यांचा ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ हा ग्रंथ. गावाची खूण ठरलेला आवाज जपावा, ही त्यांची मागणी. त्यांच्या प्रकल्पात काम केलेल्या हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प यांनी या विचाराचे संगीत केले, आणि गुरूच्या उपदेशापेक्षा ते कितीतरी पुढे गेले.

त्यांची १९८९ ची ‘किट्स बीच साउंडवॉक’ ही रचना जेमतेम दहा मिनिटांची आहे. किट्सिलानो किनाऱ्यावर पाण्याच्या अगदी कडेला माइक आहे. खडकांना चिकटलेले बार्नकल हे कवचधारी जीव बारीक टिकटिक करत आहेत; मागे सगळे शहर घोंघावते आहे. वेस्टरकाम्प स्वतः बोलत राहतात. शहराचा हा घोंघाट मोठा करून घाबरवता येईल, असे त्या सांगतात आणि तो मोठा करतात. मग फिल्टर लावून तो उतरवतात आणि तेही सांगून उतरवतात. यानंतर त्या आपली स्वप्ने सांगू लागतात, ती सगळी बारीक, उंच, लुकलुकणाऱ्या आवाजांची. त्यांच्यासोबत यानिस झेनाकिस यांच्या १९५८ च्या ‘काँक्रे पीएच’ची, म्हणजे जळत्या कोळशाच्या तडतडीतून केलेल्या रचनेची, झाक येते. शेवटी शहर पुन्हा वर येते. स्वप्नांतून बळ घेऊन आता त्याला तोंड देता येईल, अशी ही परतण्याची वाट आहे.

सगळा फरक त्या फिल्टरच्या बटणात आहे. फिल्टर इथेही वापरला आहे, पण श्रोत्याच्या देखत. काय काढले जात आहे, का काढले जात आहे आणि ते गेले तरी गेलेले नाही, हे ऐकणाऱ्याला माहीत असते. धुक्याच्या संगीतात हेच बटण बंद दाराआड फिरते आणि उरलेला अवशेष ‘शांतता’ म्हणून हाती दिला जातो.

वेस्टरकाम्प यांच्यावरही एक आक्षेप घ्यावा लागतो, आणि तो भारतीय श्रोत्यानेच घ्यायचा आहे. १९९० च्या दशकात त्या दिल्लीत आल्या आणि तिथल्या फेरीवाल्यांच्या हाका आणि इतर आवाज यांच्यातून त्यांनी १९९७ मध्ये एक रचना केली. परक्या शहराकडे जपून, हळुवार जावे ही भावना तिच्यात आहे आणि ती खरी आहे. तरी तिच्यातल्या हाका मुख्यतः नाद म्हणून मांडल्या जातात. हिंदी जाणणाऱ्याला त्या हाकेत भाजी ऐकू येते, भाव ऐकू येतो, गिऱ्हाईक नाही म्हणून चढलेला स्वर ऐकू येतो. पत्त्यात भाषाही येते. जिथे शब्द कळत नाहीत तिथे तेवढा पत्ता कोराच राहतो, कितीही प्रेमाने लिहिला तरी.

यानंतरच्या कामांत ख्रिस वॉट्सन यांचे ‘एल त्रेन फान्तास्मा’ (२०११) सर्वांत वर ठेवावे. मेक्सिकोत पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लोस मोचिसपासून आखाताच्या किनाऱ्यावरच्या वेराक्रूझपर्यंत जाणाऱ्या प्रवासी गाडीत ते बीबीसीच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रक म्हणून महिनाभर फिरले होते. ती प्रवासी सेवा पुढे बंद पडली. जवळ उरलेल्या रेकॉर्डिंगमधून त्यांनी त्या नाहीशा झालेल्या गाडीचा प्रवास रचला, आणि तो बातिन्योलच्या शेफर यांना केलेला नमस्कारही आहे. ‘एल दिव्हिसादेरो’ या भागात रुळांच्या सांध्यांची लय हळूहळू तालात शिरते, जवळजवळ नाचू लागते. गाडी मात्र कुठेही हरवत नाही. चाकांचे वजन, चढावरची दमछाक, स्थानकावरची उघडी हवा, सगळे जागच्या जागी. तेच साहित्य, तीच लूपची युक्ती, आणि तरी पत्ता शाबूत: शेफर यांच्या सिद्धान्ताला याहून नेमके उत्तर कोणी दिलेले नाही.

अमेरिकेतल्या मॅटमॉस या जोडीचे ‘अल्टिमेट केअर टू’ (२०१६) घरातल्या एकाच कपडे धुण्याच्या यंत्रातून घडले आहे. ३८ मिनिटांची एकच सलग रचना, डायल फिरण्यापासून धुणे संपल्याच्या सूचनेपर्यंत. ताणणे, कापणे, उलटे वाजवणे सगळे तिच्यात आहे, पण पाणी भरण्याचा, घुसळण्याचा, पिळण्याचा क्रम मोडत नाही, म्हणून कोणत्याही क्षणी यंत्र कुठवर आले आहे ते कळते. फ्रान्सिस्को लोपेझ श्रोत्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधतात आणि उगम विसरा म्हणून सांगतात; पण कोस्टा रिकाच्या पावसाळी जंगलातून केलेले त्यांचे ‘ला सेल्वा’ (१९९८) इतके ओले, इतके दाट आहे की त्यांचा स्वतःचा उपदेश तिथे टिकत नाही.

अलीकडच्या पिढीत क्लेअर रूझे यांचे ‘अ सॉफ्टर फोकस’ (२०२१) उमेद वाटावी असे आहे. त्या मुळात ड्रमवादक. त्यांच्या रचनांत दारे, पावले, फोन, कळफलकाची टकटक, कोणीतरी खोलीतून निघून जाणे असे बारीकसारीक आवाज येतात. तंतुवाद्ये आणि पियानोचा मऊपणाही भरपूर आहे, कधी गरजेपेक्षा जास्त. पण टकटकीची टोके त्या मऊपणात बुडू दिलेली नाहीत. तालवाद्य वाजवणाऱ्या हाताला टोल्याची किंमत माहीत असते. बुद्धादित्य चट्टोपाध्याय यांच्या ‘एलेजी फॉर बेंगलोर’ (२०१३) मध्ये बांधकामे चालू असलेले शहर आहे. तिथला दणका सुसह्य करण्याचा मोह टाळला आहे, हे त्याचे मोठेपण. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आणून जो स्टुडिओ उभा राहिला, त्याच्या टेप २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताची कथा आणखी मागे गेली. तिचा केंद्रबिंदू यंत्राचा सूर आहे, म्हणून तिचा विचार वेगळा करायला हवा.

बाकीचे सगळे धुके आहे, आणि त्या धुक्याचा बाजार मोठा आहे. स्पॉटिफायने २०२३ मध्ये पाऊस, वारा, यंत्रांची घरघर, नुसती शांतता अशा रेकॉर्डिंगचा एक वेगळा वर्ग केला: कामापुरता आवाज. २०२४ पासून असा तुकडा किमान दोन मिनिटांचा असावा आणि त्याचे मोल संगीताच्या मोलाचा काही अंश असावे, असे ठरले. दुकानदाराने माल ओळखून वेगळ्या फळीवर ठेवला, यात त्याचे चुकले नाही. खंत याची की ज्यांना रचनाकार म्हणवून घ्यायचे आहे, ते आपण होऊन त्या फळीवर जाऊन बसले. ज्या पावसाला ना पत्रा आहे, ना पन्हळ, ना खालून पळणारे कोणी, तो पाऊस रचलेला नाही. तो भरलेला आहे, उशीत कापूस भरतात तसा.

झोप यावी, मन लागावे, यासाठी असे संगीत हवेच, असे समर्थन केले जाते. ते तपासून पाहावे. झोपेचे सर्वांत जुने संगीत अंगाई आहे. अंगाईत पाळण्याची कुरकुर असते, दोरीचा हेलकावा असतो आणि कोणाचा तरी ओळखीचा, थोडा दमलेला आवाज असतो. मूल झोपते ते या पत्त्यामुळे. आवाज कोणाचा हे कळते म्हणून त्याला डोळे मिटता येतात. मोठ्या माणसाचेही तेच. मुंबईच्या लोकलमध्ये डोके खिडकीला टेकून गाढ झोपलेला प्रवासी आपल्या स्थानकाच्या आधी बरोबर जागा होतो. झोपेतही त्याचा कान पूल, फाटा, उद्घोषणा मोजत असतो. बिनपत्त्याच्या आवाजाने शांत झोप लागते हा समज माणसाच्या कानाला न ओळखणारा आहे.

दुसरे समर्थन लांब सुराचे. खाली अंथरलेला तो पॅड म्हणजे आपला तंबोराच, असे म्हटले जाते. पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली यांच्यामार्फत षड्जाचे हे वेड तिकडच्या संगीतात खोल गेले, हे खरेही आहे. पण तंबोरा अंथरूण नाही. तो त्या दिवशीच्या त्या गळ्यासाठी लावला जातो. घोडीवर तारेखालचा रेशमी किंवा सुती दोरा केसभर सरकवून जवारी उघडली जाते, आणि ती लागेपर्यंत गाणे सुरू होत नाही. प्रत्येक तारेला बोटाचा स्पर्श ऐकू येतो. प्रोग्रॅममधून ओढलेला सूर कोणाच्याच गळ्याचा नसतो, म्हणून तो कुकरखालीही चालतो आणि समुद्राखालीही.

तिसरा मुद्दा रिव्हर्बचा, आणि इथे सवलत देण्याचे कारण नाही. रिव्हर्ब म्हणजे जागा. आज वापरला जाणारा प्रतिध्वनी पुष्कळदा खऱ्याखुऱ्या सभागृहात किंवा चर्चमध्ये मोजून आणलेला असतो. तो स्वयंपाकघरावर चढवणे म्हणजे त्या घराचा पत्ता खोडून दुसऱ्याचा पत्ता लिहिणे. आल्विन ल्यूसिए यांनी १९६९ मध्ये एका खोलीत बसून काही वाक्ये वाचली, ती त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली, आणि असे करत गेले; हळूहळू शब्द विरघळले आणि खोलीचे स्वतःचे सूर उरले. विरघळवणे तिथेही आहे. पण जे उरले ते त्याच खोलीचे, बाहेरून आणलेले काही नाही. जो रचनाकार मुंबईच्या चाळीच्या जिन्याला युरोपातल्या घुमटाचा नाद देतो, त्याने जिना ऐकलेलाच नाही.

मराठीला हा विचार नवा नाही. या भाषेत आवाजांची नावे पदार्थावरून आहेत. किणकिण छोट्या घंटेची, घणघण मोठीची. खळखळ वाहत्या पाण्याची, डबडब भरलेल्या भांड्याची, टपटप थेंबांची. सळसळ पिंपळाची किंवा रेशमाची, खसखस कागदाची. फोडणीचा चर्र वेगळा, लाकडाचा कर्र वेगळा. ही नावे उच्चारताच वस्तू समोर येते, आणि बहुतेक नावांत टोला पहिल्या व्यंजनात सांभाळलेला आहे. शारंगदेवांनी तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा सात स्वरांना सात प्राणी-पक्षी दिले: षड्जाला मोर, पंचमाला कोकीळ, निषादाला हत्ती. शुद्ध स्वरालाही कोणाचा तरी आवाज जोडणारी ही परंपरा आहे. तिच्यात वाढलेल्या कानाने पत्ता पुसलेला आवाज श्रेष्ठ मानावा, याला आधार नाही.

व्हँकुव्हरच्या मरे शेफर यांचीही एक गोष्ट इथे नाकारायला हवी. ज्या परिसरात दूरचा आवाजही स्वच्छ ऐकू येतो तो त्यांच्या मते चांगला, म्हणजे खेडे. जिथे आवाज एकमेकांत गुंततात तो वाईट, म्हणजे शहर. या मापाने संध्याकाळचा दादरचा पूल टाकाऊ ठरतो. तिथून रोज जाणाऱ्याला विचारावे. गाडी जलद आहे की धीमी, भरलेली आहे की रिकामी, कोणत्या फलाटाला लागते आहे, हे तो पुलावरूनच ओळखतो. गोंगाट परक्याला असतो.

मुंबईच्या लोकलवर अशी रचना व्हायला हवी, आणि वेळ हातातून जात आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर; तो प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरूनही गेला. जुन्या डीसी गाडीत मोटरला वीज टप्प्याटप्प्याने मिळे आणि प्रत्येक टप्प्याला डब्याला हलका हिसका बसे. गाडी थांबली की खालच्या कॉम्प्रेसरची धडधड साऱ्या डब्याला ऐकू येई. नव्या गाडीत इन्व्हर्टरचा सूर एखाद्या सरगमीसारखा चढत जातो. डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल आली, तिची दारे बंद होतात, आणि बंद दाराआड वसईच्या खाडीचा पूल आणि फलाट यांतला फरक पुष्कळसा नाहीसा होतो.

म्हणून माइक उघड्या दारात हवा, फेरारी यांच्या खिडकीसारखा रोज त्याच गाडीला, महिना-दोन महिने. वरच्या दांडीच्या कड्यांचा खुळखुळाट घ्यावा, भजनी मंडळाचे टाळ घ्यावेत, शेंगदाणेवाला डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना त्याचा आवाज गर्दीत कसा दबतो आणि पुन्हा वर येतो तेही. २०२२ पर्यंत जलद लोकल कळव्यापुढे पारसिकच्या बोगद्यातून जात; आता तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, म्हणून शेवट अशा गाडीच्या दारात घ्यावा. १९१६ पासूनच्या त्या बोगद्याची लांबी सव्वा किलोमीटरहून अधिक आहे, आणि तिथला प्रतिध्वनी कोणत्याही प्रोग्रॅममधून आणावा लागत नाही. आत शिरताच वारा दाबला जातो, चाकांचा आवाज भिंतींवरून दुप्पट होऊन येतो, दारातली मुले आरोळी ठोकतात. ती आरोळी डब्याच्या मागे मागे येत राहते आणि गाडी मुंब्र्याच्या बाजूला उजेडात निघताच एकदम तुटते. कात्री तिथे लावावी.